‘जामखेड’ : आरोळे दांपत्याच्या आठवणी – एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

डॉक्टरांच्या आठवणींची पुस्तके आपल्याकडे आवडीने वाचली जातात. त्यांत बहुधा मध्यरात्री दार ठोठावणारा रोगी असतो, कंदिलाच्या उजेडात केलेली शस्त्रक्रिया असते, लेकरू बरे झाल्यावर पाया पडणारी आई असते आणि या सर्वांच्या मध्यभागी डॉक्टर उभा असतो. वाचकालाही ते हवेच असते. डॉ. मेबल आरोळे व डॉ. रजनीकांत आरोळे यांनी मिळून लिहिलेले ‘जामखेड’ हे १९९४ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक मी हाती घेतले तेव्हा माझीही अपेक्षा काही वेगळी नव्हती. परंतु पुस्तक जसजसे पुढे सरकते तसतसे डॉक्टर मागे मागे जातात आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या खेड्यातल्या बाया पुढे येतात. हे लेखकांनी जाणून केले आहे, हे लक्षात येण्यास मला बराच वेळ लागला. प्रस्तुत लेखात या पुस्तकाचा आणि त्यामागील कार्याचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे. त्याचबरोबर, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थिनीला ते वाचताना जो प्रश्न सतत टोचत राहिला तोही मांडावयाचा आहे. तो प्रश्न असा की, शिकलेल्या माणसाजवळ जे ज्ञान असते ते नेमके कोणाच्या मालकीचे असते?

जामखेड आपल्याला दूरचे नाही. आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला सरकारदरबारी अहमदनगर म्हणत तो, आकाराने फार मोठा. शेवगाव त्याच्या ईशान्येच्या अंगाला, तर जामखेड पार दक्षिणेच्या टोकाला. आपल्या तालुक्याच्या एका बाजूला निदान गोदामाई आणि जायकवाडीचा फुगवटा आहे, जामखेडला तेही नाही. मात्र पाऊस रुसला की दोन्हीकडची माणसे सारखीच आभाळाकडे पाहतात आणि दिवाळीच्या आगेमागे दोन्हीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. म्हणून या पुस्तकातील खेडी मला कल्पनेने उभी करावी लागली नाहीत.

डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ चा. ते याच जिल्ह्यातले, शिक्षक आईबापांचे पुत्र. डॉ. मेबल यांचा जन्म १९३५ चा. त्या जबलपूरला वाढल्या, वडील तेथील ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक. दोघांची गाठ पडली ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. तेथून दोघेही १९५९ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि १९६० मध्ये विवाहबद्ध झाले. खेड्यातील गोरगरिबांसाठी आयुष्य वेचावयाचे, असा संकल्प या दोघांनी लग्नाच्या दिवशीच केला होता. अशा गोष्टी चरित्रांतून पुष्कळदा वाचावयास मिळतात व वाचक त्यांच्यावरून सहज पुढे जातो. मलाही त्यात नवल वाटले नाही. खरे नवल पुढे आहे. संकल्पाप्रमाणे काम सुरू केल्यावर, आपण करतो ते पुरे नाही, असे त्यांना जे उमगले तेथून पुस्तकाला खरा रंग चढतो.

हे घडले ते नेवासे तालुक्यातील वडाळा बहिरोबा येथे. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना हे गाव लागते, आपल्यापैकी अनेकांनी ते एस.टी.च्या खिडकीतून पाहिले असेल. तेथील मिशनच्या दवाखान्यात आरोळे दांपत्याने १९६२ ते १९६६ या काळात काम केले. दवाखान्यात गर्दी मावत नसे. शस्त्रक्रिया होत, बाळंतपणे होत, नाव झाले. एखाद्याने आयुष्यभर याच यशावर समाधान मानले असते. परंतु या दोघांच्या ध्यानात एक गोष्ट आली. हगवणीने सुकलेले मूल बरे होऊन घरी जाई आणि काही महिन्यांनी तेच मूल त्याच दुखण्याने पुन्हा येई, किंवा येतच नसे. दवाखान्याच्या भिंतीबाहेरच्या खेड्यांत रोगराई होती तशीच राहिली होती. येणाऱ्या रोगांपैकी बहुतेक असे होते की ते होऊच नयेत म्हणून काही करता आले असते. घाण पाणी, अपुरे अन्न, न टोचलेल्या लसी ही त्यांची कारणे. डॉक्टर मात्र खुर्चीत बसून, आजार पिकून दारात येण्याची वाट पाहत होते.

येथे मला आपल्याकडच्या बायकांच्या एका बोलण्याची आठवण होते. छप्पर गळते तेव्हा घमेले ठेवणारे घरात पुष्कळ असतात, वर चढून कौल सरकवणारा एखादाच. आरोळ्यांनी घमेले खाली ठेवून वर चढण्याचे ठरविले, असे म्हणता येईल.

त्यासाठी ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९६६ नंतर अमेरिकेत जाऊन डॉ. रजनीकांत यांनी शस्त्रक्रियेचे व डॉ. मेबल यांनी वैद्यकाचे पुढील शिक्षण घेतले. त्यानंतर दोघांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथे त्यांना डॉ. कार्ल टेलर यांच्यासारखे गुरू लाभले. टेलर यांनी स्वतः पंजाबातील नारंगवाल येथे खेड्यांच्या आरोग्यावर संशोधन केलेले होते. १९७० मध्ये आरोळे दांपत्य परतले आणि जिल्ह्यातील अत्यंत मागासलेल्या अशा जामखेड भागात त्यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावच्या पुढाऱ्यांनी बोलावले आणि जागा दिली तेव्हाच ते गेले, आपणहून जाऊन पाटी लावली नाही. जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या, पडीक दवाखान्याची. माणसांच्या आरोग्यातील एका मोठ्या प्रयोगाचा आरंभ गुरांच्या दवाखान्यात व्हावा, ही योगायोगाची गंमतच म्हणावयाची.

आता खरी अडचण पुढे होती. खेड्यातल्या लोकांना आरोग्य नको होते. ऐकायला हे विचित्र वाटते, पण ते खरे आहे. लोकांना पाणी हवे होते, धान्य हवे होते, हाताला काम हवे होते. लस, संडास, उकळलेले पाणी हे शब्द भरल्या पोटाचे. आरोळ्यांनी लोकांशी वाद घातला नाही. त्यांनी लोकांचा क्रम आपला मानला. गावागावांतून शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली, आणि शेतीचे बोलता बोलता मुलांच्या वजनाचे बोलणे निघू लागले.

लवकरच १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या घरांतील वडीलधारी माणसे अजून या दुष्काळाच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी काळाची मोजणी करतात. सुकडी, लाल मिलो, खडी फोडण्याची कामे या गोष्टी आम्ही नातवंडांनी इतक्यांदा ऐकल्या आहेत की आम्हीच त्या खडीवर बसलो होतो असे वाटावे. त्या दिवसांत जामखेड भागात लहान मुलांसाठी सार्वजनिक स्वयंपाकघरे चालविली गेली आणि बाहेरच्या मदतीतून पिण्याच्या पाण्याचे बोअर घेतले गेले. बोअर कोठे घ्यावयाचा, हा प्रश्न वरवर भूगर्भशास्त्राचा. परंतु खेड्यात पाण्याचा प्रश्न कधीच केवळ पाण्याचा नसतो. सवर्णांच्या विहिरीवर दलितांना पाणी भरता येत नसे. म्हणून हापसे जाणूनबुजून दलित वस्तीत बसविण्यात आले. तहान लागली की सर्वांनाच तेथे जावे लागे, आणि हंड्याला हंडा लागे. कोणी भाषण केले नाही, कोणाला उपदेश केला नाही. या पुस्तकातील हा प्रसंग मला सर्वांत आवडला. समाजशास्त्राच्या तासाला आपण सामाजिक अंतर, शिवाशीव यांच्या व्याख्या पाठ करतो, येथे एका लोखंडी हापशाने ते अंतर काही पावलांनी कमी केलेले दिसते. अर्थात एका हापशाने जात गेली असे कोणी समजू नये. लेखकांनाही तसा भ्रम नव्हता.

यानंतर पुस्तकाचा गाभा येतो. आरंभी आरोळ्यांची कल्पना अशी होती की, शिकलेल्या परिचारिकांनी खेड्यात राहून आरोग्याचे काम करावे. ही कल्पना फसली. शहरात शिकलेल्या तरुण मुलीला एकटीने खेड्यात राहणे कठीण जाई, आणि गावातल्या बायांना ती परकी वाटे. जिची सासू नाही, जिने बाळंतपण भोगलेले नाही, ती आपल्याला काय सांगणार, असा त्यांचा रोख. मग गावातलीच एखादी बाई का निवडू नये, असा विचार पुढे आला. आरोळ्यांनी तो उचलला. गावाने निवड करावयाची, बाई गावातली हवी, सर्व जातींच्या घरी जाण्याची तिची तयारी हवी. शिक्षणाची अट नाही. निवडून आलेल्या बायांत बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काहींना नवऱ्याने टाकलेले होते. गावगाड्यात ज्यांना कोणी विचारत नाही अशा बायांच्या हाती गावाचे आरोग्य गेले.

या बाया ठराविक दिवशी जामखेडला एकत्र येत, शिकत आणि गावी परतत. पुन्हा येत, काय घडले ते सांगत, पुन्हा शिकत. सर्व जातींच्या बाया एकत्र राहत, एकत्र जेवत. वही-पेन्सिल नसल्याने सारे डोक्यात साठवावे लागे. त्यासाठी गाणी, गोष्टी, चित्रे यांचा उपयोग होई. विचार केला तर ही आपलीच जुनी पद्धत आहे. जात्यावरच्या ओव्या कोणत्या पुस्तकात पाहून म्हटल्या जात होत्या? ज्यांच्या स्मरणात शेकडो ओव्या मावतात त्यांना गरोदर बाईच्या धोक्याच्या खुणा लक्षात राहणार नाहीत असे का मानावे? लिहिता न येणे आणि न समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आम्ही शिकलेली मुले मात्र त्यांची सरमिसळ सर्रास करतो.

या शिक्षणाने नेमका काय फरक पडे हे समजण्यासाठी एक उदाहरण थोडे विस्ताराने घेते, कारण ते माझ्या घरापर्यंत येऊन पोचते.

नवजात बालकाला होणारा धनुर्वात हा त्या काळी खेड्यांतून मुलांना नेणारा मोठा रोग होता. त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. बाळाची नाळ विळ्याने किंवा मळक्या पात्याने कापली, किंवा कापलेल्या जागी राख अथवा शेण लावले, तर ते जंतू आत शिरतात. नाळेच्या मेलेल्या भागात, जेथे हवा पोचत नाही तेथे, ते वाढतात आणि एक जहाल विष तयार करतात. साधारण आठवडाभरात बाळाचा जबडा आवळतो, ते दूध ओढीनासे होते, अंग धनुष्यासारखे ताठ होते आणि बहुधा ते दगावते. यावर उपाय साधा आहे. गरोदर आईला धनुर्वाताची लस द्यावयाची, म्हणजे आईचे संरक्षण बाळाला जन्मतःच मिळते. त्याच्या जोडीला स्वच्छ हात, नवे उकळलेले पाते आणि स्वच्छ दोरा.

आपल्याकडे बाळाची पाचवी पुजतात, सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते असे मानतात. नेमक्या त्याच सुमारास हा रोग बाळाला गाठत असे. हा भाग वाचत असताना मी तो सहज आजीला मराठीत सांगत होते. माझ्या वडिलांच्या आधी तिची दोन मुले गेली, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. कशाने गेली, असे कधी कोणी विचारलेले नव्हते. ती म्हणाली, “सातव्या दिवशी तोंड मिटलं, दूदच घेईना. दुसऱ्याचंबी तसंच. सटवीनं लिव्हलंच तसं व्हतं, पोरी.” नाळ कशाने कापली, असे मी विचारले. विळ्याने, आणि वर चुलीतली राख. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हंजे मला सुई टोचली आसती तर लेकरं ऱ्हायली आसती व्हय?”

मी हो म्हणाले.

ही लस त्या वेळी नवी नव्हती, ती कित्येक वर्षे आधीच तयार झालेली होती. आणि माझ्या आजीची मुले गेली त्याच दशकात, याच जिल्ह्यात, जामखेड भागातील निरक्षर बाया घरोघर जाऊन हीच गोष्ट इतर बायांना समजावून सांगत होत्या. मधले अंतर एस.टी.च्या एका दिवसाच्या प्रवासाचे. ज्ञान होते, लस होती, उणीव होती ती आजीच्या ओट्यावर बसून तिच्या भाषेत सांगणाऱ्या एका बाईची. भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. या वाक्यामागे किती आज्या आहेत, हे ते वाक्य लिहिणाऱ्यांना कळत असेल का, कोण जाणे.

हगवणीचेही तसेच. हगवणीने मूल मरते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. एक लिटर स्वच्छ पाण्यात प्रमाणात साखर व मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहिले तर बहुतेक मुले वाचतात. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत बनगाव येथे पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. तेथेही गुपित हेच होते. औषध डॉक्टरच्या हातून सुटून आईच्या हाती गेले. जामखेडच्या बायांनी ते चुलीपाशी नेले. हगवण लागली की मुलाचे पाणी तोडावयाचे, ही आपल्याकडची जुनी समजूत मोडणे हे काम औषध देण्याहून अवघड होते, आणि ते शेजारीणच करू शकते.

कुष्ठरोगाच्या बाबतीतही प्रकल्पाने वेगळी वसाहत न करता या रोग्यांना इतर रोग्यांच्या बरोबरीने तपासले व गावातच ठेवले. त्यावर स्वतंत्र लेख होऊ शकेल, म्हणून येथे एवढेच.

या सर्वांचा परिणाम काय झाला? १९७१ मध्ये जामखेड भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. त्याच वर्षी साऱ्या देशाचा आकडा १२९ होता. म्हणजे जामखेड देशाच्याही मागे होते. १९९० नंतरच्या दशकात प्रकल्पाच्या गावांतील हे प्रमाण तिशीच्या खाली आले. भारताचा आकडा २८ वर आला तो २०२० साली. ज्या ठिकाणी देश पोचण्यास आणखी पाव शतक लागले तेथे ही कोरडवाहू खेडी आधीच जाऊन पोचली होती.

अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणतील, आकड्यांवर इतका भरवसा ठेवू नका. त्यांचे म्हणणे रास्त आहे. थोड्या गावांतील आकडे वर्षागणिक वर-खाली होतात. शिवाय या काळात रस्ते झाले, वीज आली, १९८५ पासून सर्वांसाठी लसीकरणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्यामुळे सारे श्रेय एका प्रकल्पाला कसे द्यावे? या शंकेचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न पुढे झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रकल्पाची गावे आणि त्याच परिसरातील प्रकल्पाबाहेरची गावे यांची तुलना केली आहे. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. १७६ वरून तिशीखाली, या उडीपुढे ३० टक्के हा आकडा लहान वाटेल. परंतु तोच अधिक विश्वासाचा आहे, कारण रस्ता आणि वीज दोन्हीकडच्या गावांना मिळाली होती.

जामखेडची कीर्ती मात्र आकड्यांच्या आधीच जगभर गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांनी चालविलेल्या आरोग्यप्रयोगांचे एक पुस्तक काढले, त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचे प्रकरण आहे. १९७८ च्या सप्टेंबरात सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. त्यामागे जगातील ज्या मोजक्या प्रयोगांचा अनुभव होता त्यांत जामखेडची गणना होते. १९७९ मध्ये या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये डॉ. रजनीकांत पद्मभूषण झाले. पुरस्कारांची यादी येथेच पुरी करते.

कारण १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत जामखेडच्या मुक्ताबाई पोळ बोलल्या, ती गोष्ट मला या पुरस्कारांहून मोठी वाटते. सभागृहातील झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्या दिव्यांशी केली. ते सुंदर खरे, पण महाग, आणि वीज गेली की विझणारे. स्वतःजवळच्या साध्या पणतीशी त्यांनी खेड्यातील आरोग्य कार्यकर्तीची तुलना केली, कारण एका पणतीवर दुसरी पणती लावता येते. त्यांच्या बोलण्याचा हा आशय अनेक ठिकाणी नोंदलेला आहे. अलंकाराच्या तासाला आपण उपमेय-उपमान ओळखतो. एवढे चोख उपमान देणाऱ्या बाईला आपण अडाणी म्हणावे की नाही, हे मराठी विभागातील मित्रांनी सांगावे.

आता या पुस्तकाबद्दल माझे जे आक्षेप आहेत तेही लिहिले पाहिजेत, नाही तर हा अभ्यास न राहता आरती होईल.

पहिला आक्षेप पैशाचा. आरंभीचा बराच पैसा परदेशातील चर्च-संस्थांकडून आला. दवाखान्याच्या उत्पन्नावर बाकीचे काम चालविण्याचा प्रयत्न आरोळ्यांनी केला, ही गोष्ट त्यांच्या बाजूची. तरीही शेवगाव किंवा पाथर्डीतील एखाद्या डॉक्टरने उद्या हेच करावयाचे ठरविले तर वेल्लोरचे शिक्षण, अमेरिकेतील गुरू आणि परदेशातील ओळखी त्याने कोठून आणाव्यात? एका दांपत्याच्या असामान्य त्यागावर उभे राहिलेले काम सामान्य माणसांकडून करवून घेता येते काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकविली आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. त्यांच्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. म्हणजे बायांचा भाग दुसरीकडेही जमतो, हे खरे. पण तेथेही मागे एक बंग दांपत्य होतेच.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जामखेडच्या कार्यकर्त्या पगारी नोकर नव्हत्या. हे काम सेवेचे, त्यातून मिळणारा मान हीच कमाई, पोटासाठी लहानसा जोडधंदा करावा, अशी एकंदर भूमिका. यामागील विचार मी समजू शकते. पगार सुरू झाला की गावाची बाई सरकारची बाई होते, असे त्यांना वाटत असावे. परंतु डॉक्टरांना मानधन असावे आणि पहाटे उठून पाणी भरून, भाकरी थापून, रोजाने जाऊन आलेल्या बाईने गावाची सेवा मात्र मानासाठी करावी, हे मला पटत नाही. बाईच्या कष्टाला मोल नसते, ही समजूत खेड्यात आधीच फार पक्की आहे. तिला आपण आणखी टेका कशाला द्यावा?

हा प्रश्न जुना झालेला नाही. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार वस्तीमागे एक ‘आशा’ नेमली गेली. गावातलीच बाई, ही मूळ कल्पना जामखेडसारख्या प्रयोगांचीच. मात्र आरंभीच तिला आठवी शिक्षणाची अट घालण्यात आली. लालनबाई कदम, मुक्ताबाई पोळ, सरूबाई साळवे या जामखेडच्या नावाजलेल्या कार्यकर्त्या. त्यांच्यासारख्या शाळेत न गेलेल्या बायांना या अटीत बसवावयाचे तर सवलतच द्यावी लागली असती. आमच्या वस्तीवर येणाऱ्या आशाताईंच्या खांद्यावरील पिशवीत गोळ्यांपेक्षा रजिस्टरे अधिक असतात. त्या म्हणतात, “बोलायला वेळ कुठं राहतो गं, सगळा वेळ भरण्यात जातो.” जामखेडच्या बाईजवळ लिहिता येत नव्हते म्हणून बोलायला वेळ होता, असे म्हणावेसे वाटते. आशांना मिळतो तो कामागणिक मोबदला व मानधन, पगार नव्हे. मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातील आशांनी २०२१ मध्ये, ऐन कोरोनाच्या काळात, आणि पुन्हा २०२३ मध्ये संप केला. मधल्या २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला होता. मान आणि मानधन यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट करून दाखविणे कठीण.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि मी ते शब्दकोश जवळ घेऊन वाचले. आरंभी दिवसाला दोन पाने होत, पुढे वेग आला. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मित्रमैत्रिणींना सांगते की, भाषा साधी आहे आणि त्यातील माणसे आपल्या ओळखीची आहेत. मात्र एक चमत्कारिक गोष्ट जाणवत राहिली. मुक्ताबाई, लालनबाई मराठीत बोलल्या, त्यांचे बोलणे इंग्रजीत छापले गेले आणि मी ते पुन्हा मनातल्या मनात आपल्या नगरी बोलीत उलटवून वाचत होते. कित्येक ठिकाणी इंग्रजी वाक्याखालचे मूळ मराठी वाक्य ऐकू येई. कित्येक ठिकाणी ते हरवलेले असे.

डॉ. मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ च्या मे महिन्यात. पुढे त्यांची कन्या डॉ. शोभा व पुत्र रवी यांनी काम हाती घेतले. देशोदेशींचे डॉक्टर व विद्यार्थी जामखेडला शिकण्यासाठी आलेले आहेत, आणि त्यांना शिकविणाऱ्यांत या खेड्यातल्या बायाही आहेत. समाजशास्त्र विभागाच्या अभ्यास सहलीसाठी दरवर्षी लेण्या आणि धरणे यांचीच नावे निघतात. पुढील वर्षी विभागप्रमुख सरांनी जामखेडचा विचार करावा अशी विनंती आहे. पहाटेच्या गाडीने निघाल्यास रात्री परत येता येईल. दवाखान्याची इमारत पाहण्यात वेळ न घालविता एखाद्या गावात जाऊन जुन्या कार्यकर्त्या बायांजवळ बसावे. त्यांतील काही आता थकल्या असतील. मला त्यांना पगाराबद्दल विचारावयाचे आहे, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावयाचे आहे.